वीस तारखेपर्यंत

विनीताला राग आला की ती भांडी आपटत नसे, रडत नसे, अबोलाही धरत नसे. ती व्याकरण काढायची. समोरचा काय बोलला ते राहिलं बाजूला, तो कसं बोलला हे ती असं सोलून काढायची की त्या बापड्याला आपण मुळात कशावरून भांडत होतो तेच आठवायचं नाही. सिंगापूरला, सेरंगून भागात, त्यांच्या इमारतीखाली चहा-कॉफीचा स्टॉल होता. तिथल्या म्हाताऱ्या अंकलना तिनं एकदा 'यू वॉन्ट व्हॉट?' हा प्रश्न नीट कसा विचारायचा असतो ते चारचौघांत शिकवलं होतं. त्या दिवसापासून तिच्या चहात दूध कमी पडायला लागलं. तिनं स्टॉल बदलला, पण शिकवणं काही सोडलं नाही.

तिला तरी काय बोल लावायचा? बारा वर्षं ठाण्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ती, आणि तेसुद्धा मराठी माध्यमाच्या मुलींना. त्या पोरी प्रीपोझिशन म्हटलं की पांढऱ्याफटक पडायच्या आणि त्यातही 'बाय' म्हटलं की संपलंच. बाय म्हणजे 'ने', बाय म्हणजे 'शेजारी', बाय म्हणजे 'कडून', बाय म्हणजे 'पर्यंत'. "बाई, एवढ्याशा शब्दाला इतके धंदे कशाला लागतात हो?" असं एकीनं उभं राहून विचारलं होतं, आणि विनीता वर्गात हसली असेल तर ती त्याच दिवशी.

त्यातला 'पर्यंत' फार बदमाश. मराठीत हा एकटा दोन्हीकडे राबतो. 'सोमवारपर्यंत राहा' म्हटलं तरी पर्यंत आणि 'सोमवारपर्यंत निबंध दे' म्हटलं तरी पर्यंत. इंग्रजीत पहिल्याला 'टिल' लागतो आणि दुसऱ्याला 'बाय', आणि आमची माणसं तिथंच हमखास आपटतात. विनीता भिंतीवरचं दिव्याचं बटण दाखवायची. दिवा सहा वाजेपर्यंत जळत राहिला की टिल. आणि सहाच्या आत कधीतरी एकदा येऊन बटण दाबायचं असेल तर बाय. नेमानं बटण खालीवर करून ती हे शिकवायची, आणि दहावीला तिच्या मुली त्या प्रश्नाला चुकायच्या नाहीत.

नवरा प्रबोध मात्र चुकायचा. तो इस्लामपूरकडचा. शाळा मराठी, कॉलेज सांगलीला, मग मुंबईत एका बँकेच्या हिशेबखात्यात. सिंगापूरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आला तेव्हा विनीतानं त्याला महिनाभर जेवणाच्या टेबलाशी बसवून घासला होता. तो पास झाला, मुलीसकट तिघंही सिंगापूरला आली आणि आल्या दिवसापासून गडी पुन्हा मूळपदावर. "आय वॉज इन ऑफिस बाय नाइन," असं घरी येऊन म्हणायचा, म्हणजे नऊपर्यंत बसलो होतो. "टिल नाइन," ती आतून म्हणायची. पाहुणे असले तरी म्हणायची. प्रबोध हसायचा. "आमचं आपलं इस्लामपुरी इंग्रजी," असं म्हणून वाढलेल्या ताटाकडे वळायचा आणि पाहुण्यांनाही तो फार गोड माणूस वाटायचा. क्षिप्राला, त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीला, या खेळाची इतकी सवय झाली होती की आईच्या आधी तीच, तिथल्या पोरांसारखा 'ला' जोडून, "टिल, ला, पपा" म्हणायची.

सिंगापूरनं विनीताचं एक वाईट केलं होतं. तिला तिथं एक कार्ड दिलं होतं. प्रबोधच्या नोकरीवर ती आली, म्हणून तिच्या कार्डावर 'डिपेंडंट' असा शब्द छापलेला होता. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटत नसे. सोसायटीतल्या बाकीच्या मराठी बायका ते कार्ड दाखवून लायब्ररीतून पुस्तकं आणायच्या. विनीताला त्या शब्दाचा अर्थ येत होता, हाच घोळ होता. डिपेंडंट म्हणजे ज्याचं सगळं दुसऱ्यावर अवलंबून आहे असं माणूस. पर्स उघडली की तो शब्द वर तरंगायचा आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तीन वर्षं घरात काढल्यावर तिला मिसेस टिओंच्या ट्यूशन सेंटरमध्ये शनिवारचे वर्ग मिळाले. स्टेशनपासून जवळ, एका दुकानाच्या वर दोन खोल्या. पहिल्याच महिन्यात एका मुलाची आई तिला तोंडावर म्हणाली, "टीचर, यू फ्रॉम इंडिया अ? देन हाऊ कॅन टीच इंग्लिश?" विनीताला त्या वाक्यातल्या चुका मोजून तिच्या हातावर ठेवायच्या होत्या. तिनं ओठ मिटून घेतले, कारण तिला तो वर्ग हवा होता. त्या बाईचा मुलगा वर्षभरानं परीक्षेत असा वर आला की बाईनं अननसाच्या बिस्किटांचा डबा आणून दिला. विनीतानं थँक यू म्हटलं आणि डबा घरी आणून न उघडताच प्रबोधच्या ऑफिसात पाठवून दिला. इतका राग ती वर्षभर सांभाळू शकत असे.

मग २००९ साल आलं. बँकांतून माणसं काढणं चालू होतं. प्रबोधच्या मजल्यावरच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या आणि लिटिल इंडियात वाणसामान घ्यायला गेलं की ओळखीचं कुणीतरी "आम्ही चाललो परत" म्हणून भेटायचं. प्रबोधची नोकरी गेली तर त्याचा पास, म्हणजे तिथं राहायचा परवाना, गेला, आणि त्याचा पास गेला की तिघांनी बोजाबिस्तरा बांधायचा. क्षिप्राची दहावीसारखी मोठी परीक्षा पुढल्या वर्षावर आलेली. अशा दिवसांत, मे महिन्यात, मिसेस टिओ विनीताला म्हणाल्या की त्या पूर्ण वेळची हेड नेमणार आहेत, त्यांच्या मनात विनीताच आहे, आणि ती हो म्हणाली तर सेंटर तिच्या स्वतःच्या नावाचा पास काढेल. जूनच्या सुट्टीत ठरवू, म्हणाल्या.

विनीता त्या दिवशी बसनं न जाता चालत घरी आली. स्टेशनसमोर मोठ्या मॉलचं बांधकाम चाललं होतं, त्या धुळीतून आणि खडखडाटातून ती गाणं गुणगुणत आली. प्रबोधला तिनं सगळं सांगितलं. तुमची नोकरी राहिली तर उत्तमच, पण गेलीच तर आपण माझ्या पासवर राहू, क्षिप्राची परीक्षा होईल, तुम्ही निवांत दुसरी शोधा. "छान," प्रबोध म्हणाला. "छानच झालं की." आणि त्यानं टीव्हीचा आवाज जरा वाढवला.

जूनमध्ये सेंटरला सुट्टी लागली आणि ठाण्याला विनीताची आई, सरोजिनीबाई, बाथरूममध्ये घसरून पडली. मनगट मोडलं. भाऊ परदेशी, घरात दुसरं कुणी नाही. विनीता मिळेल त्या विमानानं निघाली. निघताना चपला घालता घालता प्रबोधला म्हणाली, "मिसेस टिओंचा फोन आला तर सांगा, वीस तारखेपर्यंत इंडियात आहे. बावीसला सेंटरवर हजर होते म्हणावं." "सांगतो," प्रबोध म्हणाला आणि तिची बॅग लिफ्टपर्यंत घेऊन आला.

बावीस तारखेला सोमवारी सकाळी विनीता सेंटरचा जिना चढून वर गेली. मिसेस टिओ तिच्याकडे बघतच राहिल्या.

"यू नेव्हर गो इंडिया अ?"

"गेले होते. आले परत," विनीता इंग्रजीत म्हणाली.

त्या दोघींना एकमेकींचं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा विनीता खुर्चीवर बसली. मिसेस टिओंनी सुट्टीत विनीताच्या मोबाइलवर फोन केला होता, तो बंद होता. मग घरी केला. नवऱ्यानं उचलला. हेडचं नक्की करायचंय, विनीता कुठाय, असं विचारलं. नवरा म्हणाला, "शी विल बी इन इंडिया बाय ट्वेंटिएथ." म्हणजे वीस तारखेच्या आत ती इंडियाला गेलेली असेल. मिसेस टिओंना वाटलं, ही पण चालली, जशी सगळी चाललीत. "आय आस्क हिम, कन्फर्म अ? ही से कन्फर्म." मग थांबायचं कशाला? त्यांनी दुसऱ्या एका बाईला बोलावलं आणि शुक्रवारी तिची सही झाली.

बाय! अरे देवा, बाय! अठरा वर्षं, रोजच्या रोज, उठता-बसता, जेवता-खाता जे एक अक्षर या माणसाच्या टाळक्यात घालायचा आपण प्रयत्न केला, त्यानंच येऊन आपला घास काढला. दुसरी एखादी चूक केली असती तर एक वेळ चाललं असतं. 'शी आर इन इंडिया' म्हणाला असता तरी चाललं असतं. म्हणाला तर नेमकं बाय म्हणाला.

मिसेस टिओ तशा वाईट नव्हत्या. एक जागा अजून आहे, म्हणाल्या. वुडलँड्सला नवी शाखा निघतेय, तिथंही हेड लागेल, पासचं तिथंही होईल. पण त्यांचा भागीदार येत्या रविवारी रात्री जोहोरहून येतोय आणि तो विचारणार. नवरा म्हणतो ही जाणार, बायको म्हणते राहणार. अशा घरातल्या माणसावर शाखा कशी सोपवायची? "यू गो होम, टॉक प्रॉपर्ली," त्या म्हणाल्या. "संडे कॉल मी. बाय सिक्स."

बाय सिक्स. विनीतानं मान हलवली आणि ती जिना उतरली.

त्या संध्याकाळी त्या घरात जे झालं ते क्षिप्रानं तिच्या खोलीतून दार लावून ऐकलं, आणि शेजारच्या मलय कुटुंबानं दार न लावता. "बाय म्हणजे काय? सांगा ना! बाय म्हणजे काय?" विनीता ओरडत होती. "दिवा जळतोय की बटण दाबायचंय? लहान पोरीला कळतं हो, आठवीतल्या पोरीला कळतं! डोकं आहे की खोकं?" प्रबोध सोफ्याच्या कडेवर मान खाली घालून बसला होता. "मला कुठं तुझ्यासारखं येतं, विनी?" एवढंच तो म्हणत होता. "पर्यंत म्हणजे बायच ना? तूच म्हणालीस, वीस तारखेपर्यंत."

हे तिला लागलं. खरंच की. निरोप आपण मराठीत दिला. दोन मिनिटं थांबून इंग्रजीत घोटून घेतला असता तर? आई पडली म्हणून घाई झाली, मान्य, पण आपण तर मास्तरीण. वर्गात असं कधी केलं असतं का? आठवडाभर ती स्वतःवर जळत राहिली आणि प्रबोधवर चिडत राहिली. भाजी चिरताना, इस्त्री करताना, एमआरटीच्या गाडीत उभी असताना तिच्या डोक्यात तेच एक वाक्य फिरायचं. प्रबोध मात्र त्या आठवड्यात फार चांगला वागला. रोज वेळेवर घरी आला. भांडी घासली. बुधवारी तिच्यासाठी लिटिल इंडियातून मोगऱ्याचा गजरा आणला. तिनं तो फ्रिजमध्ये ठेवून दिला.

रविवारी जेवणं झाल्यावर विनीतानं टेबल पुसलं आणि प्रबोधला समोर बसवला. सहाच्या आत मिसेस टिओंना फोन करायचा होता. ती सांगणार होती की चूक इंग्रजीची होती, घरात कुणी कुठं चाललेलं नाही आणि पुन्हा असं होणार नाही. पुन्हा होणार नाही असं म्हणायचं तर आधी ते होता कामा नये. तिनं स्वतःला बजावलं होतं, ओरडायचं नाही. आठवीच्या पोरीला शिकवतो तसं शिकवायचं.

"बसनं गेलो," तिनं सुरुवात केली.

"बाय बस."

"खिडकीशेजारी बस."

"सिट बाय द विंडो."

"एकेक करून या."

"वन बाय वन."

"पाठ कर."

"बाय हार्ट," प्रबोध म्हणाला आणि जरा हसलासुद्धा.

"छान. आता दुकान दहापर्यंत उघडं असतं."

"द शॉप इज ओपन बाय टेन."

"टिल टेन. दिवा जळतोय. बरं, सोमवारपर्यंत काम संपव."

"फिनिश द वर्क टिल मंडे."

ती शांत राहिली. बटण, दिवा, सगळं पुन्हा सांगितलं. प्रबोधनं मान डोलावली. तिनं पुढचं वाक्य दिलं, त्यानं चुकवलं. त्याच्या पुढचं दिलं, तेही चुकवलं. बाय लागतो तिथं टिल, टिल लागतो तिथं बाय. शेवटी तिनं अगदी सोपं दिलं, जे कानालाच कळतं. "मी येईपर्यंत थांब."

"वेट बाय आय कम."

"पपा, सीरियसली?" सोफ्यावर लोळत पुस्तक वाचणारी क्षिप्रा खो खो हसत सुटली. "कान्ट मेक इट, ला!"

विनीतालाही हसू आलं होतं. ते ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

गोंधळलेली पोरं तिनं शेकड्यांनी पाहिली होती. ज्या पोरीला बाय आणि टिल कळत नाही ती अंदाजानं ठोकते आणि अंदाजानं ठोकलेली निम्मी तरी बरोबर येतात. निम्मी नाही तर दोन-चार येतात. ढ पोरीचीसुद्धा येतात, आणि तिला ती का आली ते कळत नाही एवढंच. एकही बरोबर येत नाही असं कधी होत नाही. एकूण एक चुकवायची असतील तर आधी एकूण एक यावी लागतात. आणि दुसरं म्हणजे, न येणारी पोरगी बाईंच्या तोंडाकडे बघत असते, काही कळतंय का म्हणून. प्रबोधनं मघापासून एकदाही वर पाहिलं नव्हतं. तो टेबलावर बोट फिरवत बसला होता.

"क्षिप्रा, आत जा," ती म्हणाली.

"व्हाय? मी काय केलं?"

"जा म्हटलं ना!"

दार लागलं. विनीतानं हात टेबलावर ठेवले.

"तुम्हाला येतंय."

"काय?"

"सगळं. बाय पण येतंय, टिल पण येतंय. ज्याला येत नाही त्याचं चुकून तरी एखादं बरोबर येतं. तुमचं 'पर्यंत'चं एकही आलं नाही."

प्रबोधनं नेहमीचं हसू तोंडावर आणलं. "आमचं आपलं इस्लामपुरी..."

"इस्लामपूरला मध्ये आणू नका. इस्लामपूरनं काही केलेलं नाही."

त्यानं टेबलावर फिरणारं बोट थांबवलं. मग म्हणाला, "मी काही ठरवून नव्हतो बसलो, विनी. त्यांचा फोन आला. हेड म्हणाल्या, पास म्हणाल्या. आणि ते तोंडून गेलं."

"तोंडून गेलं?" तिचा आवाज अगदी खाली आला होता, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटायची. "कुणाच्या तोंडून? कर्ता कुठाय या वाक्यात? तोंडाला पाय फुटले होते? नीट वाक्य करा. मी सांगितलं, म्हणा."

"मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"बाय ट्वेंटिएथ."

"ते ऐकलंय मी. काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं," प्रबोध म्हणाला. "त्यांनी 'कन्फर्म का?' असं विचारलं. तेव्हा म्हणता आलं असतं, नाही, टिल. मी कन्फर्म म्हटलं."

विनीताला वाटलं होतं की आता आपण ओरडू. ओरडण्यासारखं काही घशात आलंच नाही. अठरा वर्षं हा माणूस हसत ताटाकडे वळत होता. पाहुणे म्हणत होते, किती साधा! आणि ती स्वतः, जगाच्या चुका काढणारी, तिनं या एका माणसाच्या चुका चुका म्हणूनच घेतल्या होत्या.

"का?" तिनं विचारलं.

"का म्हणजे?" आता प्रबोधचा आवाज चढला. "उद्या मला काढलं तर मी तुझ्या पासवर राहायचं? माझ्या कार्डावर डिपेंडंट? गावाकडे काय सांगू? बायको कमावते आणि मी तिच्या कार्डावर राहतो? त्यापेक्षा परत गेलेलं बरं."

"सहा वर्षं माझ्या कार्डावर तेच लिहिलंय," विनीता म्हणाली. "सहा वर्षं मी तुझी डिपेंडंट आहे. मेले नाही मी."

लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"आणि तू काय केलंस?" तो म्हणाला. "अठरा वर्षं चारचौघांत मला दुरुस्त केलंस. माझ्या साहेबासमोर केलंस. माझ्या पोरीला शिकवलंस माझ्यावर हसायला. घरात शिरलो की तोंड उघडायची भीती वाटते मला, माहिताय?"

हे तिला बोचलं, कारण ते खरं होतं. साहेब जेवायला आले होते तो दिवस तिला आठवला, प्रबोधचे लाल झालेले कानही आठवले. ती गप्प बसली असती तर प्रबोधला वाटलं असतं की बरोबरी झाली.

"मग त्याच्यावरून भांडायचंस," ती म्हणाली. "सांगायचंस, विनी, तोंड बंद ठेव. ताट भिरकावायचंस. मी तुझी वाक्यं दुरुस्त केली रे. तू माझं काम घालवलंस. आणि घालवून वर भांडी घासलीस! गजरा आणलास! मी इथं आठवडाभर स्वतःला शिव्या देतेय की निरोप मराठीत का दिला, आणि तू समोर बसून ऐकत होतास! लाज वाटली नाही तुला?"

घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. विनीता उठली आणि तिनं फोन घेतला.

"काय सांगणारेस?" प्रबोधही उठला.

ती नंबर दाबत होती.

"विनी, ऐक. मिस्टेक झाली म्हण. नवऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे म्हण, मला चालेल. त्यात तुझंच काम होईल. नवराच आड येतोय असं कळलं तर त्यांचा तो भागीदार तुला घेईल का? तूच सांग, घेईल का?"

तो म्हणत होता ते बरोबर होतं. एवढं एक वाक्य म्हटलं की वुडलँड्सची शाखा, स्वतःचा पास, सगळं हाताशी होतं. सगळ्यांना पटेल असंच वाक्य होतं ते. आमची माणसं तिथंच तर चुकतात. बाय आणि टिल, एवढीशी गोष्ट. मिसेस टिओ हसतील आणि विसरून जातील. प्रबोधही उद्यापासून पुन्हा हसत ताटाकडे वळेल, आणि पुन्हा काही घालवावंसं वाटलं की त्याच्याजवळ ते कच्चं इंग्रजी तयार असेलच.

पलीकडे फोन उचलला गेला.

"विनीता! सो हाऊ? यू स्टेइंग ऑर गोइंग?"

"स्टेइंग," विनीता म्हणाली.

"शुअर अ?"

"शुअर. माय डॉटर अँड आय. वी आर स्टेइंग."

"गुड, गुड. देन यॉर हजबंड? माय पार्टनर शुअर आस्क. ही से राँग, इज इट? मिस्टेक ओन्ली, राइट?"

प्रबोध टेबलाच्या त्या बाजूला उभा होता. त्याला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मानेनं जोरजोरात हो, हो अशी खूण केली.

विनीतानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नो, मिसेस टिओ," ती म्हणाली. "नॉट बाय मिस्टेक."